बरा झालेला डोळा

डॉक्टर बिवलकर वारले त्याला चार वर्षं झाली.
परवा छत्री बाजारात
गजकवाल्याच्या फोनवर बोलताना दिसले.
अंगात पांढरा कोट.
कोट ते कधी घालत नसत,
लष्करच्या उन्हात नुसती बंडी, मानेवर ओला पंचा.
म्हणाले, नमस्कार मित्रांनो,
इन्सुलिन ही कंपन्यांची चाल आहे.
कारल्याच्या बियांचं हे चूर्ण घ्या,
एकवीस दिवस. गॅरंटी माझी.

आवाज त्यांचाच.
'श' म्हणताना बारीक शीळ वाजायची, तीसुद्धा.
पण डावी पापणी,
लकव्यानंतर जी अर्धीच उघडायची,
ती टक्क उघडी.
जे त्यांना स्वतःला जमलं नाही
ते यंत्रानं करून टाकलं.

मी त्यांचा कंपाउंडर. एकतीस वर्षं
कागदाच्या पट्ट्या कातरून
बाटल्यांवर डोस चिकटवले.
मला ठाऊक आहे, गॅरंटी हा शब्द हा माणूस
फक्त घड्याळवाल्याशी भांडताना वापरायचा.
पेशंटसमोर म्हणायचा, "पाहू."
कधी तर भर दवाखान्यात, "मला नाही माहीत.
इंगळ्या, ते लाल पुस्तक काढ."
मग पानं उलटत बसायचा.
पेशंट चुळबुळायचे. काही उठून
समोरच्या डॉक्टरकडे जायचे,
त्यांना पुस्तक लागत नसे.

मनोरमाबाई महाडिक कधी उठल्या नाहीत.
त्यांनीच इन्सुलिन बंद केलं.
एकवीस कुठले, सोळाव्या दिवशी
पोरानं बेशुद्ध उचलून जयारोग्यला नेलं.
जीव परत आला,
उजव्या पायाचं एक बोट तिथंच राहिलं.
"खुद्द डॉक्टरसाहेब बोलले," मला म्हणतात,
"तू कोण रे मधे?"

हसू नका त्यांना.
तो विश्वास आमच्याच पायरीवर तयार झाला होता,
पाच रुपये फी, तीही उधार,
रात्री दोनला थंडीत किक मारून मारून
चालू केलेली स्कूटर.
कुणीतरी तो आयता सोलून घेतला
आणि चूर्णाच्या डब्यावर चिकटवला
माझ्या पट्ट्यांसारखा.

सोलला कुठून, तेही सांगतो.
पंचाहत्तरीचा सत्कार झाला, ते चौदा मिनिटं बोलले.
खुर्चीवर चढून शूटिंग मी केलं.
कौतुकानं गावभर पाठवलं, तेही मीच.
त्या चौदा मिनिटांतून
अख्खा माणूस उभा केला त्यांनी,
खोकला तेवढा गाळून.

यंत्राला नुसती शिवी घालावी, तर तेही होत नाही.
माझ्या क्रिएटिनिनचा कागद
नातीनं असल्याच एकाला दाखवला.
रात्री साडेअकराला, न कंटाळता, मराठीत
चार वेळा समजावलं त्यानं,
आणि म्हणालं, सकाळी डॉक्टरांकडे जाच.
गेलो. बरोबर होतं.
मग तेच तोंड इकडे असं कसं बोलतं?
नात म्हणाली, "आजोबा, तोंड कुठंय त्याला.
जो लावेल त्याचं."

संध्याकाळी माधवगंजला जातो,
मनोरमाबाईंच्या पायाचं ड्रेसिंग करायला.
त्या माझ्याशी बोलत नाहीत.
फोन उशाशी. त्यात डॉक्टर, दोन्ही डोळे उघडे.
काल पट्टी सोडली
तर शेजारचं बोट काळवंडलेलं.

वाईट सांगायचं असलं की डॉक्टर खाकरायचे,
दोनदा, खिडकीकडे बघून.
तेवढ्यात पेशंट
खुर्चीचा हात घट्ट धरून घ्यायचे.

मी कापूस खाली ठेवला.
खिडकीकडे पाहिलं.
खाकरलो.

मनोरमाबाईंनी फोन पालथा घातला.
"सांग," म्हणाल्या.